थेट जोडणी

"एक दावा उघडायचा म्हटलं की स्क्रीनवर ते चक्र फिरत बसतं," दावे विभागाच्या बाई संचालिकांना सांगत होत्या. "समोर माणूस बसलेला असतो. त्याच्या घरचं कुणीतरी गेलेलं असतं. मी त्याच्याकडे बघू की चक्राकडे बघू?"

बैठकीच्या खोलीत सगळे विभागप्रमुख जमले होते. संचालिकांनी आधी डेटाबेस विभागाच्या प्रमुखांकडे पाहिलं, मग नेटवर्क विभागाच्या प्रमुखांकडे.

डेटाबेसच्या प्रमुखांना विमा कंपनीत सगळे पाठीमागे खात्रीसाहेब म्हणत, कारण त्यांचं एकही वाक्य 'खात्रीने सांगतो' याशिवाय सुरू होत नसे. लिफ्ट कितव्या मजल्यावर अडकली असेल हेही ते खात्रीने सांगत, आणि ती दुसऱ्याच मजल्यावर सापडली तर तिथे ती का जायला नको होती, हेही.

"खात्रीने सांगतो," ते म्हणाले, "डेटाबेस उत्तर लगेच देतो. ते उत्तर वाटेत कुठे गप्पा मारत थांबतं, ते नेटवर्कवाल्यांना विचारा."

"माझ्या वायरीत कुणी गप्पा मारत नाही," नेटवर्कचे प्रमुख म्हणाले. "उत्तर घरातून निघतंच उशिरा."

हे नेटवर्कचे प्रमुख म्हणजे खात्रीसाहेबांच्या बायकोचे थोरले भाऊ. ऑफिसात दोघं एकमेकांना 'साहेब' म्हणत आणि शक्यतो ईमेलवरच बोलत. रविवारी ते बहिणीकडे जेवायला आले की 'दादा' आणि 'जावईबापू' होत, पण वाद तोच राही. फरक एवढाच की तिथे बैठकीचं इतिवृत्त कुणी लिहीत नसे.

"मला दोघांचं म्हणणं बरीच वर्षं पाठ आहे," संचालिका म्हणाल्या. "मला सोमवारी स्क्रीन पळताना हवी."

खात्रीसाहेब याचीच वाट बघत होते. कंपनीचा सगळा डेटाबेस तळघरातल्या थंड खोलीत, कपाटाएवढ्या मेनफ्रेम संगणकावर होता. दाव्यांचा प्रोग्राम मात्र पलीकडच्या इमारतीतल्या सर्व्हरवर चालायचा. प्रत्येक प्रश्न घेऊन तो नेटवर्कवरून मेनफ्रेमकडे यायचा आणि उत्तर घेऊन परत जायचा. खात्रीसाहेबांचा उपाय सोपा होता. प्रोग्राम उचलायचा, मेनफ्रेमवरच आणून बसवायचा आणि डेटाबेसला थेट जोडायचा. मध्ये नेटवर्क नकोच.

"शेजारच्या खोलीतल्या माणसाशी बोलायला कुणी फोन लावतं का?" त्यांनी विचारलं.

"जरूर करा," त्यांचे मेहुणे म्हणाले. "माझी लाइन मोकळी होईल. शाखांच्या व्हिडिओ बैठकांसाठी मला ती केव्हाची हवी आहे."

घरी आल्यावर खात्रीसाहेबांनी ही हकीकत बायकोला रंगवून सांगितली. ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

"दादाला विचारलंत का नीट?" ती म्हणाली.

"दादांना काय विचारायचं? त्यांना मधून काढूनच टाकलंय."

"म्हणजे?"

"म्हणजे त्यांच्या नेटवर्कला."

"मग एक करा. एखादी गोष्ट मधून काढण्याआधी ती तिथे कशाला होती, ते बघत जा," ती शांतपणे म्हणाली. "मागे वॉशिंग मशीनच्या पायाखालची रबरी चकती काढलीत, आणि मशीन चालत चालत दारापर्यंत आलं होतं."

"ते वेगळं. जमीन उतरती होती," खात्रीसाहेब म्हणाले. "खात्रीने सांगतो."

शनिवार-रविवारी खात्रीसाहेबांच्या माणसांनी प्रोग्राम हलवला, आणि सोमवारी सकाळी दाव्यांच्या खिडकीवर चमत्कार झाला. क्रमांक टाकायचा अवकाश, दावा समोर. दावे विभागाच्या बाईंनी एकच दावा पुन्हा पुन्हा उघडून पाहिला आणि शेवटी फोन केला.

"साहेब, चक्र दिसतच नाही. कुठे गेलं ते?"

"निवृत्त केलं," खात्रीसाहेब म्हणाले.

मग संचालिकांचा फोन आला. त्या बाहेरगावहून आलेल्या शाखाप्रमुखांना घेऊन नाश्त्याला गेल्या होत्या. "छान झालं," त्या म्हणाल्या. "मी यांना आता तिकडे घेऊन येते. स्क्रीन बघू देत सगळ्यांना." खात्रीसाहेबांनी टाय सारखा केला आणि मेहुण्यांच्या केबिनवरून उगीचच एक चक्कर मारली. मेहुणे कुणालातरी फोनवर सांगत होते, "हो, लाइन तुम्हाला दिली. कायमची." दोघंही आपापल्या जागी खूश होते.

बातमी शाखांमध्ये पसरायला वेळ लागला नाही. स्क्रीन पळतेय म्हटल्यावर जो तो दावे उघडून बघू लागला. आजचे उघडले, कालचे उघडले, कंटाळून बाजूला ठेवलेले जुने दावेसुद्धा लोकांनी झटकून वर काढले. एरवी दुपारी वेग घेणारं काम सकाळीच भरात आलं.

पहिली तक्रार पगार विभागाच्या बाईंची आली. "माझं काम सकाळपासून जागचं हललं नाही. महिनाअखेर आहे."

"तुमच्या प्रोग्रामलाच काहीतरी झालंय," खात्रीसाहेब म्हणाले. "खात्रीने सांगतो. तात्पुरता थांबवा तो."

"मी थांबवते. पण पगार का झाला नाही म्हणून कुणी विचारलं तर त्यांना तुमच्या दारात आणून बसवीन."

पगाराचं काम थांबलं, तेवढी जागा दाव्यांनी लगेच खाल्ली. मग छपाईवाल्यांचा फोन आला, की ग्राहकांना जाणारी पत्रं अर्ध्या वाक्यावर अडकलीत. खात्रीसाहेबांनी छपाई थांबवली. मग कँटीनचं कूपन-यंत्र बंद पडलं. ते तर त्यांनी मोजलंही नाही.

खरी गोष्ट अशी होती की मेनफ्रेमच्या मुख्य प्रोसेसरने किती काम करायचं याची यंत्र पुरवणाऱ्या कंपनीशी झालेल्या करारात हद्द ठरलेली होती. ती हद्द आली की यंत्र स्वतःच हात आखडता घ्यायचं आणि कमी महत्त्वाची कामं मागे ठेवायचं. महत्त्वाचं काय आणि कमी महत्त्वाचं काय, हे खुद्द खात्रीसाहेबांनीच लावून दिलं होतं. आधी दावे, मग पगार, मग छपाई, आणि सगळ्यात शेवटी कँटीन आणि इमारतीची दारं. "दार काय, थांबेल क्षणभर," असं ते तेव्हा म्हणाले होते.

कूपन आणि कार्ड यांचं काम एवढंसं, म्हणून ते सकाळी कसंबसं फटीतून सरकत होतं; आता फटही उरली नव्हती आणि दारं थांबली होती. इमारतीत शिरताना काचेची दोन दारं लागत. बाहेरचं दार ओलांडून माणूस मधल्या काचेच्या खोलीत आला की ते बंद होई, मग त्याने कार्ड दाखवायचं, आणि कार्ड ओळखीचं आहे असं मेनफ्रेमने सांगितलं की आतलं दार उघडायचं. आज मेनफ्रेम काही सांगतच नव्हतं. कार्ड दाखवून दार उघडलं नाही की माणूस काय करतो, तर पुन्हा दाखवतो. प्रत्येक दाखवण्याचा एक नवा प्रश्न डेटाबेसकडे जाई आणि आधीच्या प्रश्नांच्या मागे रांगेत उभा राही.

खात्रीसाहेबांचा फोन वाजला. सुरक्षारक्षक होता. त्याचा आवाज नेहमीसारखाच सावकाश होता.

"साहेब, मॅडम आल्यात."

"आल्या का? मी आलोच."

"म्हणजे अर्ध्या आल्यात. दोन दारांच्या मध्ये आहेत. शाखाप्रमुखही आहेत सोबत."

"मग बाहेरचं दार उघडा."

"आतलं उघडून बंद झाल्याशिवाय बाहेरचं उघडत नाही."

"त्यांना पुन्हा कार्ड दाखवायला सांगा."

"सगळे मघापासून दाखवतायत, साहेब. तुमच्याच खात्यातून सांगितलं होतं, दाखवत राहा म्हणून."

खात्रीसाहेब जिन्याने धावतच खाली आले. बाहेर फुटपाथवर रांग, आत दालनात घोळका, आणि मधोमध काचेच्या खोलीत संचालिका आणि पाहुणे, एखाद्या दुकानात मांडून ठेवल्यासारखे. एका शाखाप्रमुखाने कार्ड रुमालाने पुसलं, दाखवलं, उलटं करून दाखवलं. संचालिका मात्र हाताची घडी घालून स्थिर उभ्या होत्या. खात्रीसाहेबांना पाहून त्या काहीतरी बोलल्या. जाड काचेतून आवाज येत नव्हता. खात्रीसाहेबांनी धीर देण्यासाठी आत्मविश्वासाने जोरात मान डोलावली. त्या काय विचारत होत्या ते त्यांना मागाहून कळलं. त्या विचारत होत्या, "हे तुमच्यामुळे झालंय का?"

शेजारी मेहुणे येऊन उभे राहिले होते. "माझ्या लाइनवर आज दावे नाहीत, साहेब," ते म्हणाले. "म्हणजे यात माझा काही हात नाही, एवढंच सांगतोय."

"दादा, आत्ता नको," खात्रीसाहेब म्हणाले.

ऑफिसात त्यांच्या तोंडून 'दादा' पहिल्यांदाच निघालं होतं. मेहुण्यांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. जावईबापूंच्या कपाळावर घाम होता. "चला खाली," ते म्हणाले, आणि दोघं तळघराकडे वळले.

मेनफ्रेमच्या खोलीतल्या पडद्यावर दोन रेघा होत्या. मुख्य प्रोसेसरची रेघ हद्दीला टेकून सपाट झाली होती. दुसरी रेघ मदतनीस प्रोसेसरची. ती जमिनीवर सपाट पडली होती.

हा मदतनीस खात्रीसाहेबांनीच बैठका गाजवून मिळवला होता. मुख्य प्रोसेसरवरचं ओझं त्याने उचलायचं, आणि त्याने केलेलं काम करारातल्या हद्दीत धरलं जायचं नाही, अशी त्याची सोय होती. त्याच्यामुळे वर्षभर यंत्रावर ताण म्हणून आला नव्हता.

"हा बिघडला," खात्रीसाहेब म्हणाले. "खात्रीने सांगतो. बघा, काडी हलवत नाहीये. म्हणून सगळं मुख्यवर पडलंय. यंत्राच्या कंपनीचा माणूस बोलावतो."

"शुक्रवारी तर पळत होता," मेहुणे म्हणाले. "मी स्वतः पाहिलंय. माझ्या लाइनवर गर्दी झाली की याची रेघ वर जायची."

"शुक्रवारची गोष्ट वेगळी. शुक्रवारी दावे तुमच्या लाइनवरून..."

खात्रीसाहेबांचं वाक्य तिथेच राहिलं. तोंड मात्र उघडंच होतं.

मदतनीस प्रोसेसर वाटेल ते काम घेत नाही. नेटवर्कच्या वाटेने डेटाबेसकडे आलेले प्रश्न तो उचलतो. त्याच यंत्रात बसून, थेट जोडणीने डेटाबेसच्या कानात सांगितलेलं काम त्याचं नाही. ते सगळंच्या सगळं मुख्य प्रोसेसरच्या गळ्यात. हे खात्रीसाहेबांना माहीत होतं. माहीत काय, मदतनीस घेताना हेच त्यांनी फळ्यावर चित्र काढून संचालिकांना समजावून दिलं होतं, आणि चित्र बरं जमल्याबद्दल स्वतःचं कौतुकही करून घेतलं होतं. फक्त नेटवर्क मधून काढताना ते चित्र त्यांच्या डोक्यात आलं नाही. मेहुण्यांचा चेहरा आला.

मेहुण्यांच्याही हे ध्यानात आलं. ते हसले असते तर खात्रीसाहेबांना बरं वाटलं असतं. भांडता आलं असतं. पण ते हसले नाहीत.

"आधी मॅडमना बाहेर काढू," ते एवढंच म्हणाले.

त्याला एकच उपाय होता. सकाळी ज्याचं कौतुक झालं तो प्रोग्राम बंद करायचा. खात्रीसाहेबांनी खुर्ची ओढली आणि दुसऱ्या कुणाला न सांगता स्वतःच्या हाताने दावे बंद केले. मुख्य प्रोसेसरची रेघ खाली आली. थोड्याच वेळात वरून रक्षकाचा फोन आला.

"साहेब, दार उघडलं. एकदम पाच-सहा वेळा उघडलं आणि मिटलं. पण मॅडम आत आल्यात. पूर्ण."

त्याच्यामागोमाग दावे विभागाच्या बाईंचा फोन आला. त्या चिडल्या नव्हत्या, हेच जास्त लागणारं होतं. "साहेब, स्क्रीन काळी झाली. समोर एक आजोबा बसलेत. आजी गेल्या त्यांच्या. मी त्यांना आत्ताच म्हटलं होतं, आता फक्त मिनिटभर बसा."

"त्यांना बसवून ठेवा," खात्रीसाहेब म्हणाले. "पाठवू नका."

त्यांनी फोन ठेवला तर दारात संचालिका. पाहुण्यांना वर चहाला बसवून त्या एकट्याच खाली आल्या होत्या.

"काय झालं होतं?" त्यांनी विचारलं.

दुसरा कुठलाही दिवस असता तर खात्रीसाहेबांनी काचेच्या दारांवर एक व्याख्यान दिलं असतं. "मी चूक केली," ते म्हणाले. "स्क्रीन पळाली, पण सगळं ओझं चुकीच्या ठिकाणी पडलं."

"दावे कधी सुरू होणार?"

"दुपारी."

"खात्रीने?"

"प्रयत्न करतो," खात्रीसाहेब म्हणाले.

हे उत्तर ऐकून संचालिका सगळ्यात जास्त घाबरल्या. त्यांनी नेटवर्कच्या प्रमुखांकडे पाहिलं. "आम्ही दोघं आहोत इथे," ते म्हणाले. त्या गेल्या.

"दादा, लाइन परत द्या," खात्रीसाहेब म्हणाले. "प्रोग्राम जुन्या जागी नेतो. फिरू दे चक्र."

"लाइन कुठे आहे माझ्याकडे? शाखांना देऊन बसलो. आत्ता तिच्यावर सगळ्या शाखांचं प्रशिक्षण चाललंय."

 यंत्र गुणगुणत होतं. मग मेहुण्यांनी घसा साफ केला.

"एक वाट आहे. या यंत्राच्या आतच नेटवर्क असतं. वायर नाही, डबा नाही. यंत्राच्या एका भागातून दुसऱ्या भागात, मेमरीतल्या मेमरीत. तुमचा प्रोग्राम आहे तिथेच राहू दे. त्याला म्हणायचं, बाबा रे, डेटाबेसच्या थेट कानाशी लागू नकोस. या आतल्या नेटवर्कवरून रीतसर दार वाजव."

"म्हणजे डेटाबेसच्या लेखी तो नेटवर्कवरून आलेला."

"आणि मदतनीसाच्याही लेखी. येतो मात्र शेजारच्या खोलीतून."

खात्रीसाहेब सावकाश वळले. "हे तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"यंत्र आलं तेव्हापासून."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर माझी वायर हळू चालते हे कबूल करावं लागलं असतं. तुम्ही का नाही विचारलंत?"

खात्रीसाहेबांनी खरं तेच सांगितलं. "विचारलं असतं तर मला नेटवर्क लागतं हे कबूल करावं लागलं असतं."

मग दोघांनी खुर्च्या जवळ घेतल्या आणि ते कामाला लागले. मेहुणे पत्ता सांगत होते, खात्रीसाहेब टाइप करत होते. मध्ये एकदा पत्ता चुकला. तो सांगणाऱ्याचा चुकला की लिहिणाऱ्याचा, यावर दोघं थबकले आणि काही न बोलता पत्ता पुन्हा टाइप केला. आधी एक दावा उघडून पाहिला. उघडला. मग बाईंच्या खिडकीपुरतं काम सुरू केलं, मग सगळ्या मजल्याचं, मग एकेक करून शाखा जोडल्या. खालची सपाट रेघ अंग झाडून उठली आणि चढायला लागली. वरची रेघ हद्दीपासून बरीच खाली येऊन निवांत राहिली. खात्रीसाहेबांनी पगार सोडला, छपाई सोडली. पत्रांची अर्धी वाक्यं पूर्ण झाली.

"उघडला," दावे विभागाच्या बाईंनी फोनवर सांगितलं. "आजोबांचं काम झालं. आणि साहेब, चक्र नाहीच अजून."

"सकाळपेक्षा हळू आहे का?"

"मला तरी फरक कळत नाही. आजोबा म्हणत होते, एवढ्यात झालं? मी अजून चष्माही काढला नाही."

त्या आठवड्याच्या बैठकीत संचालिकांनी विचारलं, "ही कल्पना कुणाची?" डेटाबेसचे प्रमुख म्हणाले नेटवर्कच्या प्रमुखांची, आणि नेटवर्कचे प्रमुख म्हणाले डेटाबेसच्या प्रमुखांची. संचालिकांनी पेन खाली ठेवलं आणि दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. शेवटी त्यांनी दोघांना बरं वाटत नसेल तर रजा घ्या म्हणून सांगितलं.

खात्रीसाहेबांच्या घरीही सगळं बदललं. पूर्वी रविवारी जेवता जेवता नेटवर्क विरुद्ध डेटाबेस सुरू होई, आवाज चढत आणि हात पुसतापुसताच दादा बूट घालून निघून जात. मग खात्रीसाहेबांची बायको दार लावून दुपारभर आडवी होई. आठवड्यातली तेवढीच दुपार तिची असे. आता भांडण नव्हतं, त्यामुळे दादा उठतच नव्हते. जेवणाच्या टेबलावर चमचे मुख्य प्रोसेसर होत, वाट्या मदतनीस होत, आणि दुपार टळून दिवे लागले तरी दोघं एकमेकांना 'वा, हे बरोबर' म्हणत बसलेले. पुढे दादा अधल्यामधल्या दिवशी ऑफिसातूनही थेट येऊ लागले.

एका रविवारी दादांच्या बायकोचा फोन आला. खात्रीसाहेबांच्या बायकोने तो स्वयंपाकघरात नेऊन घेतला.

"अगं, आहेत का तिकडे अजून?" वहिनींनी विचारलं. "पाहुणे यायचेत आमच्याकडे. मी कालपासून सांगतेय. फोन उचलत नाहीत."

"आहे ना. दोघं चमचे मांडून बसलेत."

"पाठव बाई त्यांना कसंही करून."

"बघते," ती म्हणाली.

तिने ताजा चहा केला, कप दोघांच्या पुढे ठेवले आणि कधी नव्हे ती स्वतःही खुर्ची ओढून बसली.

"मी सगळं ऐकत असते हं तुमचं," ती कौतुकाने म्हणाली. "बरंचसं कळतंही आता. फक्त एक सांगा मला. ती आतली वाट नक्की सुचली कुणाला?"

"दादांना," खात्रीसाहेब म्हणाले.

"छे छे. जावईबापूंनी विचारलं म्हणून," दादा म्हणाले.

"असं कसं? वाट तर दादानेच दाखवली ना?"

"वाट मी दाखवली, हे खरं आहे," दादा म्हणाले.

"दाखवली," खात्रीसाहेब म्हणाले. "पण मदतनीस निजलाय हे आधी ओळखलं कुणी?"

"तुम्ही? तुम्ही म्हणालात तो बिघडलाय."

"ते पहिल्यांदा. मग कारण कुणाला सापडलं?"

"मी शुक्रवारची आठवण काढली तेव्हा सापडलं. आणि मुळात थेट जोडणी केली नसतीत तर..."

"थेट जोडणी केली म्हणून तर तुमची वायर सुटली. वर्षानुवर्षं तिच्यातून उत्तरं रांगत येत होती."

"माझ्या वायरीबद्दल बोलू नका, जावईबापू."

खात्रीसाहेबांच्या बायकोने वाट्या आणि चमचे गोळा केले आणि ती आत गेली. बाहेर आवाज चढत गेले. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग बुटांचा. तिने फोन लावला.

"वहिनी," ती जांभई आवरत म्हणाली, "दादा निघालाय."